भट्टीवरची वीट आणि शाळेतली वीट

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची घरे बंद होऊ लागतात. सूर्यमाळ-खोडाळा परिसरातली आदिवासी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आईबाप विटा पाडतात आणि शाळेच्या पटावर नाव ठेवून पोरेही मागोमाग जातात. कच्ची वीट उलथायला आणि सुकलेली वीट वाहायला या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. अशाच मुलांसाठी विधायक संसद या संघटनेने वसई भागातल्या भट्ट्यांवर 'भोंगा शाळा' काढल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची तात्पुरती झोपडी.

या मुलाच्या हातात आता शाळेनेही थापी आणि घमेले द्यायचे काय, हा आजचा प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी कल्पना आहे. टाकाऊ बाटल्यांत माती किंवा प्लास्टिकचा कचरा ठासून त्या सिमेंटच्या मालात रचायच्या आणि शाळेचे कट्टे, भिंती बांधायच्या, असे प्रकल्पही शाळाशाळांतून होतात. पर्यावरणाचे कौतुक होते, फोटो छापले जातात. आमचा या उपक्रमाला विरोध नाही. पण ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगार सोसली, त्यांनी अशा कौतुकाने हुरळून जाऊ नये. 'बिगारी' हा शब्द बांधकामावर कुठून आला, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या पोराने चामडे आणि धोब्याच्या पोराने कपडे, असाच तिचा अर्थ होता. पेरियार यांच्या चळवळीने ती जातधंद्याची शिकवणी म्हणून झोडपून काढली. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज सरकारने ती योजना गुंडाळली. हा इतिहास विसरून 'श्रमप्रतिष्ठे'च्या गप्पा मारणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे.

मग आपल्या मुलांनी हाताने काम करूच नये काय? तसे मुळीच नाही. महात्मा फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगड-चुन्याचा हिशेब त्यांना ठाऊक होता, म्हणूनच इंजिनिअर खात्यातली लूट ते उघडी पाडू शकले. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीही, सरकारी पैसा मागितला आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची मागणी केली. बाबासाहेबांना यंत्राचे वावडे नव्हते. यंत्रापुढे आपला माणूस कायम हमाल म्हणून उभा राहावा, हे त्यांना मान्य नव्हते.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनीही हाच पेच अनुभवला. १८८१ मध्ये अलाबामा राज्यात सुरू झालेल्या टस्कगी येथील शाळेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी विद्यार्थ्यांकडूनच विटा पाडून घेतल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, तरी हटले नाहीत. विद्यार्थ्यांनीच इमारती उभारल्या. पण ज्यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला, त्या डू बॉइस यांनी वॉशिंग्टन यांना खडसावले. हातकामावर थांबणारे आणि उच्च शिक्षण व मताधिकार बाजूला ठेवणारे शिक्षण समाजाला खालीच ठेवील, असा त्यांचा आक्षेप होता. आपण दोघांकडूनही शिकावे. टस्कगीच्या इमारतींचे आराखडे काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटी या नामांकित संस्थेतून १८९२ मध्ये वास्तुकलेची पदवी घेतलेले काळे स्थपती होते. विटा रचणाऱ्या मुलांना आपलाच माणूस नकाशा काढताना दिसत होता!

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून माध्यमिक शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी बांधकाम, वीज, शेती, आरोग्य ही सगळी कामे शिकतात आणि गावाला उपयोगी पडणारी वस्तू करून देतात. जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून करायच्या फेरोसिमेंटच्या कामाचाही त्यात समावेश आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण, ही मोखाड्याची अवस्था. तिथल्या मुलांनी शाळेच्या छपराचे पाणी साठवणारी अशी टाकी बांधली तर? छपराचे क्षेत्रफळ मोजायचे, त्यावर पडणाऱ्या पावसाचे लिटर काढायचे, सिमेंट-वाळूचे प्रमाण ठरवायचे, ओळंबा लावायचा. हे गणित आणि विज्ञान आहे. नुसते घमेले उचलणे मात्र मजुरी आहे, मग ती भट्टीवर असो की शाळेच्या आवारात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शाळा-आश्रमशाळांच्या इमारती, संडास आणि पाणी ही सरकारची जबाबदारी आहे. बाटल्यांची भिंत दाखवून तिचा निधी वाचवता येणार नाही. असे प्रकल्प पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांतही व्हावेत आणि तिथल्या मुलांनीही कचरा वेचावा, माल कालवावा. शहराने फेकलेला कचरा निवडायचे काम पुन्हा दलित-आदिवासींच्याच पोरांच्या वाट्याला येणार असेल, तर त्याला पर्यावरण म्हणत नाहीत, जात म्हणतात! शिकवायला जाणकार शिक्षक हवा, सिमेंटने हात सोलू नयेत म्हणून हातमोजे हवेत, ओझे वाहणे नको. आणि या कामाला गुण मिळून त्यातून आयटीआय, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीची वाट खुली झाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातल्या शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारावा. मुलगा विटा रचतो आहे, पण नकाशा कोणाच्या हातात आहे? सूर्यमाळच्या पोराच्या हातात थापी जरूर द्या. मात्र त्याच हातात मोजपट्टी, पुस्तक आणि उद्या इंजिनिअरचा नकाशाही आला पाहिजे. भट्टीवर त्याने पुरेशा विटा वाहिल्या आहेत.