निदान आधी, निवाडा मागाहून

पौषाच्या थंडीत आमच्या माळव्यात पहाटे कुणाच्या तरी अंगणातून जुनी मोटार कण्हल्याचा आवाज हमखास ऐकू येतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, प्रीमिअर पद्मिनीचे तर त्याआधीच. तथापि वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी मोडीत घालवत नाही म्हणून ती सांभाळणारी घरे आजही पुष्कळ आहेत. आमचे घर त्यांपैकीच एक. अशा घरांतून थंडी पडताच एकच तक्रार येते: ‘सेल्फ लागत नाही.’ आणि त्या तक्रारीवर बहुधा एकच निवाडा ठरलेला असतो, ‘सेल्फ गेला, बदला.’ हा निवाडा किती वेळा चुकतो, आणि चुकला तर कुणाला भोवतो, ते स्वतःच्या अनुभवाने कळले. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

आमची गाडी १९८६ सालची. एका पहाटे ताईला, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीला, देवासला पोहोचवायचे होते. किल्ली फिरवली, तो ‘टक्’ असा एक आवाज झाला आणि पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख लागत होते. बॅटरी ठीक आहे, म्हणजे दोष मोटरचा, असे अनुमान आम्ही तिथल्या तिथे काढले. गाडीचे विजेचे काम करणारा तरुण आमच्याच शाळेत शिकलेला. त्याने मोटर उतरवली, झिजलेले कार्बन ब्रश आणि बुश बदलले, गाडी सुरू करून दाखवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच ‘टक्’. आम्ही तणतणत त्याच्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारले, ‘ब्रश खरोखर बदलले होतेस, की नुसतेच पैसे घेतलेस?’ तो एवढेच म्हणाला, ‘सर, जुने ब्रश ठेवलेत, दाखवतो.’ आम्ही ते पाहिलेही नाहीत. दुसरीकडून दुरुस्त केलेली मोटर विकत घेऊन बसवली. आठ दिवसांनी तिचाही ‘टक्’ झाला.

अनुमान कुठे चुकले ते समजण्यासाठी ही मोटर काय करते, हे थोडे पाहू. गाडीला विजेचा स्टार्टर प्रथम यशस्वी रीतीने बसवला तो अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो आला आणि हॅंडल मारण्याचा जीवघेणा व्यायाम हळूहळू सुटला. केटरिंग यांनी ओळखलेले मर्म असे, की या मोटरला दिवसभर राबायचे नाही. काही क्षणच, पण प्रचंड जोर करायचा आहे. म्हणून ती आकाराने लहान असूनही त्या क्षणांपुरती शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक वीज ओढते. याच कारणाने सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. नाही तर निरोगी मोटरही तापून जळते.

आता दिव्यांचे कोडे उलगडते. समोरचे दोन्ही दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर वीज घेतात. वाटेतल्या एखाद्या गंजक्या सांध्याने एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा केला, तर दिव्यांच्या बाबतीत जेमतेम ०.१ व्होल्ट कमी होईल. डोळ्यांना पत्ताही लागणार नाही. पण त्याच सांध्यातून मोटरसाठी दीडशे अँपिअर जाऊ लागले, की दीड व्होल्ट वाटेतच गडप होतात. नळाच्या तोटीला पाणी व्यवस्थित येते म्हणून त्याच नळीवर शेतातला पंप चालेल असे कुणी म्हणत नाही. आम्ही मात्र नेमके तेच म्हटले होते.

म्हणून तपासाला क्रम हवा. प्रथम सावधगिरी. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅंडब्रेक ओढलेला. हातातली अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. तारा सोडवायच्या झाल्यास सांगाड्याला जोडलेली, बहुतेक गाड्यांत ऋण टोकाची, तार आधी सोडावी आणि जोडताना तीच शेवटी जोडावी. कुठल्याही तपासात इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून किल्लीकडून कॉइलला जाणारी बारीक तार काढून तिचे टोक गुंडाळून ठेवावे.

मग बॅटरी. काही शे रुपयांचा मल्टिमीटर या कामास पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या आसपास असेल तर मोटरला दोष देण्याआधी तिला चार्जिंगला पाठवावे. सेल्फ मारत असताना हाच आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेल्या बॅटरीचा आकडा त्याहून खाली कोसळला, तर बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा मोटर आतून अडकली असेल. टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर साचला असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी मात्र बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लावावे. पुष्कळांचा ‘गेलेला सेल्फ’ एवढ्यानेच परत येतो.

तिसरी पायरी कानांची आणि डोळ्यांची. समोरचे दिवे लावून किल्ली फिरवावी. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके सैल. आवाजच नाही आणि दिवेही जसेच्या तसे, तर वीज मोटरपर्यंत निघालेलीच नाही. किल्लीचा स्विच, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार किंवा खुद्द सोलेनॉइड पाहावे. मोटर घुर्र करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर तिचे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्याला लागत नाही. करकरीत खरडण्याचा आवाज आल्यास दाते झिजले आहेत. एकच ‘टक्’ होऊन दिवे एकदम खाली गेले, तर जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये ते चाक कड्यात अडकलेले असू शकते; किल्ली बंद करून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, हॅंडब्रेक सोडून पुढे-मागे हलवली की ते पुष्कळदा सुटते. आणि किल्ली सोडल्यावरही मोटर फिरतच राहिली, तर सोलेनॉइड चिकटला असे समजून तत्काळ बॅटरीची तार सोडावी. मोटरवर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर ब्रश झिजल्याचा तो चांगला पुरावा आहे. उपचार मात्र नव्हे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण गाळतात ती हीच. वीज बॅटरीपासून मोटरपर्यंत जाते तशी तिला परतही यावे लागते. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे मोटरच्या जाड तारेच्या खिळीला लावावे. आकडा अर्ध्या व्होल्टहून कमी असावा. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला; हा आकडा ०.३ च्या आत असावा. जिथे आकडा वाढलेला दिसेल तिथे दोष. हे दोन आकडे योग्य आणि तरीही मोटर मुकी, तरच मोटर उतरवावी.

आम्ही यांतले काहीच केले नव्हते. दुसऱ्या मोटरनेही दगा दिला त्या सकाळी ताई शेजारी बसली होती. आम्ही चिडून पुनःपुन्हा किल्ली फिरवत होतो. ती म्हणाली, ‘अरे, थांब जरा. काहीतरी जळल्यासारखा वास येतोय.’ डॅशबोर्डखाली हात घातला, तो चोकची तार चटका बसावा इतकी तापलेली. बॉनेट उघडले, तर कार्बुरेटरजवळ तिच्या आवरणातून धुराची रेघ निघत होती. पेट्रोलपासून वीतभर अंतरावर!

चोकच्या तारेचा आणि सेल्फचा संबंध काय? इंजिन रबरी ठोकळ्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याच्या विणीची एक जाड पट्टी लावलेली असते. वीज परतते ती तिच्यातून. ही पट्टी निकामी झाली, की दीडशे अँपिअरची नदी मिळेल त्या ओढ्यातून वाट काढू पाहते. आमच्या गाडीत तो ओढा चोकची तार होती. मीटर आणून मोजले तर इंजिन आणि ऋण टोक यांत साडेतीन व्होल्ट भरले.

पट्टी सोडवली आणि आम्ही जमिनीकडे पाहतच राहिलो. तिच्याखाली काळा, तकतकीत रंग होता. खंडेनवमीच्या आधी आम्हीच गाडी धुतली होती, सांगाड्यावरचा गंज खरवडला होता, पट्टी काढून तिथे प्रेमाने रंगाचे दोन हात दिले होते आणि पट्टी पुन्हा त्या रंगावरच आवळली होती. मग झेंडूची माळ घालून पूजाही केली होती! रंगातून वीज जात नाही हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. नटाच्या आट्यांतून जेवढी वाट मिळाली तेवढ्यावर काही दिवस निभावले. तीही गंजत गेली. पहिल्या दुरुस्तीनंतर पंधरा दिवस गाडी चालली, ती मोटर काढता-घालताना झालेल्या हालचालीने तो सांधा जरा जागेवर बसला म्हणून. पॉलिश कागदाने धातू उघडा केला, पट्टी आवळली, बाहेरून व्हॅसलिन लावले. आकडा ०.१५ वर आला. चोकची तार मात्र बदलावी लागली.

गाडी बरी झाली. पण चार माणसांत आम्ही जे बोललो होतो ते तसेच उरले होते. तेव्हा दुपारी, दुकानात गिऱ्हाइके असतील अशी वेळ साधून, आम्ही त्या तरुणाकडे गेलो. दोष मोटरचा नव्हता, तुझा नव्हता, आमच्या हातचा होता, हे सर्वांसमक्ष सांगितले. त्याने काही न बोलता फळीवरची कागदाची पुडी काढून पुढे ठेवली. आत जुने ब्रश होते, झिजून नखाएवढे झालेले. ‘खरेच बदलायला झाले होते, सर,’ तो म्हणाला, ‘पण अर्थिंग मीही मोजलं नाही.’

तीस वर्षे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो की आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आमच्या वाचकांनी या थंडीत ‘टक्’ ऐकला, तर सेल्फला आणि सेल्फ दुरुस्त करणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी इंजिनखालची ती तांब्याची पट्टी एकवार सोडवून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. आणि रंगाचा डबा हाती घ्याल तेव्हा तेवढी जागा मोकळी ठेवावी.