मुलगी झाली, तर सुनेला दोष कशाला?

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्यातील हा नीचांक होता. मुलगी झाली की बोल मात्र सुनेलाच लागतो. गुणसूत्रांचा नकाशा वेगळेच सांगतो.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. आईकडून बाळाला एक्स गुणसूत्रच मिळते. वडिलांकडून एक्स किंवा वाय. मुलगा घडवणारे ‘एसआरवाय’ हे जनुक वाय गुणसूत्रावर असते. लंडनमधील शास्त्रज्ञांनी ते १९९० मध्ये शोधले.

मग दोष वडिलांचा? तोही नाही. कोणता शुक्राणू बीजापर्यंत पोहोचेल, हे कुणाच्याच हातात नसते. म्हणूनच ‘मुलगा होण्याचे औषध’ ही निव्वळ फसवणूक आहे.

आता आईच्या रक्तातूनही गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी होते. ती डाऊन सिंड्रोमसारख्या विकारांचा धोका ओळखण्यासाठी आहे. गर्भलिंग सांगणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. पण केवळ कायद्याच्या धाकाने सुनेवरचा ठपका पुसला जाणार नाही. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत नवरा आणि सासूलाही बोलवावे आणि एक्स-वायचे हे साधे गणित समजावून सांगावे.