बारा गावचे पाणी प्यायलेला बचावपटू

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आपल्याही घरांत मेस्सी आणि रोनाल्डोची नावे घुमू लागतात. मुलांच्या जर्सीवर दहा किंवा सात, हेच दोन आकडे. एखाद्या मुलाने "मला फुटबॉलर व्हायचंय" म्हटले, की त्याच्या डोळ्यांसमोर हीच दोन-चार माणसे असतात. अब्बा-अम्मींच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: लाखांतून एखादाच मेस्सी होतो, मग बाकीच्यांचे काय होते? प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या महिन्यात त्या 'बाकीच्यां'पैकी एकाची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव झेश रहमान. १९८३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. खेळण्याची जागा बचावफळीत. लंडनच्या फुलम क्लबात तो घडला आणि २००४ साली प्रीमियर लीगच्या सामन्यात सुरुवातीच्या अकरा जणांत उतरला. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरातून तिथवर पोहोचलेला पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद केली जाते. इंग्लंडच्या तरुण संघांकडून खेळल्यावर २००५ पासून तो पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला, पुढे त्याचा कप्तानही झाला.

इथपर्यंतची गोष्ट बातमीत येते. पुढची येत नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वर प्रीमियर लीग, तिच्यात २० क्लब. खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. एकूण ९२. टीव्हीचा मोठा पैसा वरच्या पायरीवर असतो. खाली उतराल तसे स्टेडियम लहान, पगार कमी आणि करार छोटे होत जातात.

रहमान या चारही पायऱ्यांवर खेळला. फुलममध्ये असतानाच तो ब्रायटन आणि नॉरिच या क्लबांकडे लोनवर गेला. लोन म्हणजे करार एका क्लबाशी, पण काही महिने खेळायचे दुसऱ्याकडून. २००६ मध्ये तो क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेला. तिथून पुन्हा ब्रायटन, मग ब्लॅकपूल, मग चौथ्या पायरीवरचा ब्रॅडफर्ड सिटी. नंतर थायलंडचा मुआंगथाँग युनायटेड, हाँगकाँगचा किची, मलेशियाचा पहांग. २०१४ साली पहांगने मलेशिया कप जिंकला, तेव्हा तो त्या क्लबात होता. पुढे इंग्लंडला परत येऊन जिलिंगहॅम, आणि पुन्हा हाँगकाँगला सदर्न. दहाहून अधिक क्लब आणि चार देश. आपल्याकडे अशा माणसाला बारा गावचे पाणी प्यायलेला म्हणतात.

असे फिरणे काही त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेले नाही. खालच्या पायऱ्यांवरच्या बहुतेक खेळाडूंचे आयुष्य असेच जाते. करार एक-दोन वर्षांचा असतो आणि साधारणपणे ३० जूनला संपतो. कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे, हे क्लब मे महिन्यात कळवतात. यादीत नाव नसले की पुढच्या क्लबाचा शोध सुरू. गुडघा दुखावला, नवा प्रशिक्षक आला, संघ खालच्या पायरीवर घसरला, यांतले काहीही झाले तरी चूल कशी पेटणार हा प्रश्न समोर येतो. चार-पाच महिन्यांच्या लोनसाठी बायको-मुलांना सोबत न्यायचे का? मुलांची शाळा मध्येच बदलायची का? परगावी कंत्राटी नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी घरांना हे प्रश्न नवे नाहीत.

पूर्वी तर याहून वाईट होते. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. बेल्जियमच्या बॉसमन नावाच्या खेळाडूने कोर्टात दाद मागितली आणि १९९५ साली युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की करार संपल्यावर खेळाडू मोकळा. त्यामुळे खेळाडूला जायची मोकळीक मिळाली, आणि कराराच्या अखेरीला सोडून देणे क्लबांनाही सोपे झाले.

यात बचावपटूची आणखी एक अडचण असते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. बचावपटूचे काम गोल होऊ न देण्याचे. त्याने नव्वद मिनिटे चोख काम केले, तर सांगण्यासारखे काही घडतच नाही. एकदा पाय घसरला, तर तेवढेच लोकांच्या लक्षात राहते. घरातल्या बाईच्या कामासारखेच हे: रोज नीट चालले की कोणाला दिसत नाही, एक दिवस चुकले की सगळ्यांना दिसते. असे काम वर्षानुवर्षे, प्रत्येक वेळी नव्या गावात, नव्या सोबत्यांबरोबर करायला सब्र लागतो.

रहमानने या वर्षांचा उपयोग कसा केला, हे पालकांनी पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये, खेळत असतानाच, त्याने आपल्या नावाची संस्था काढली. आशियाई वंशाच्या मुलांनी मैदानात यावे, हा तिचा हेतू. सदर्नमध्ये तो आधी खेळाडू होता, पुढे त्याच क्लबाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्यानंतर इंग्लंडला परतून पोर्ट्समथ क्लबाच्या अकादमीत तरुण खेळाडू घडवू लागला. पस्तिशीच्या आसपास खेळाडूचे पाय थकतात. त्याच्या हातात तोवर दुसरा हुन्नर आला होता.

आता आपल्या घराकडे वळू. मुलाने फुटबॉलचा हट्ट धरला तर "वेड आहे" म्हणून झिडकारू नका, आणि "स्टार होशील" म्हणून फुगवूही नका. त्याच्याशी तीन गोष्टी बोला. पहिली, शिक्षण. इंग्लंडच्या क्लबांतही सोळा ते अठरा वयाच्या मुलांना सरावासोबत अभ्यास करावाच लागतो, कारण अठराव्या वर्षी त्यांतल्या अनेकांना क्लब सोडून देतात. दुसरी, कागद. कोणत्याही करारावर सही करण्याआधी मुदत किती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा आणि पगार कधी मिळणार, हे जाणकाराकडून वाचून घ्या. तिसरी, पुढची वाट. आपल्या देशातही फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षकाचे परवाने आहेत, पायरीपायरीने वर चढत जाणारे. शाळांना आणि क्लबांना शिकवणारी माणसे लागतातच. फिजिओ आणि पंच ही कामेही याच मैदानावरची.

आणि मुलींनी विचारले तर? उत्तर हेच.

आपण मुलांना नेहमी सांगतो, रोजी हलाल असावी, मग ती थोडी असली तरी तिच्यात बरकत असते. दोन-चार हजार लोकांसमोर, पावसात, चिखलात, चेंडू अडवून घर चालवणाऱ्या बचावपटूची रोजीही तशीच घामाची आहे. त्याचे पोस्टर कोणी भिंतीवर लावणार नाही. पण मुलाने मेस्सीचे पोस्टर लावले असेल, तर त्याला जवळ बसवून झेश रहमानची गोष्टही एकदा सांगा.