कोलारची खोली आणि आजचा प्रश्न

१९६५ साली कोलारच्या सुवर्णखाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या गेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह केलेली ती नोंद जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी होती. आज देशात त्या खोलीची एकही प्रयोगशाळा नाही. न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हासाचा शोध जगभर नव्या टप्प्यात शिरत असताना ही उणीव अधिकच बोचते.

या ऱ्हासात अणुकेंद्रातील दोन न्यूट्रॉनांचे दोन प्रोटॉन होतील आणि दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतील. एरवी सोबत येणारे दोन प्रतिन्यूट्रिनो मात्र दिसणार नाहीत. तसे घडल्याचे सिद्ध झाले, तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण ठरेल. एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या कल्पनेला तो पुरावा असेल, आणि विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य अधिक का उरले, या कोड्यालाही नवी दिशा मिळेल.

अडचण दुर्मिळतेची आहे. आजवरच्या प्रयोगांनुसार या ऱ्हासाचा अर्धायुष्यकाल, तो होत असलाच तर, १ वर २६ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असला पाहिजे. तो त्याच्या शंभरपट असेल, तर एक टन टिन-१२४ मध्ये सरासरी तीन वर्षांत एखादीच घटना घडेल.

म्हणूनच शोधकाची सुधारणा म्हणजे निव्वळ वजन वाढवणे नव्हे. वैश्विक किरणांच्या आणि किरणोत्साराच्या भेसळ नोंदी कायम राहिल्या, तर द्रव्य चौपट करूनही संवेदनक्षमता जेमतेम दुप्पट होते. त्या जवळजवळ शून्यावर आणल्या, तरच ती चौपट वाढते. इटलीतील ग्रान सास्सो येथे सुमारे १४०० मीटर खडकाखाली हेच तत्त्व पाळले जाते. 'क्युओरे' प्रयोगाने प्राचीन रोमन शिसे कवच म्हणून वापरले, कारण शतकानुशतके पडून राहिलेल्या शिशातील किरणोत्सार ओसरलेला असतो. तिथलाच 'गेर्डा' संपला, तरी त्याची यंत्रणा वाया गेली नाही. तिच्यावरच 'लेजेंड-२००' उभा राहिला. प्रयोग बदलतात, प्रयोगशाळा टिकते. सातत्य येते ते यातूनच.

भारतात कल्पनेची वानवा नाही. टिन-१२४ वर आधारलेल्या 'टिनटिन' शोधकाचे काम मुंबईत अतिशीत तापमानावर सुरू झाले. त्याचे नियोजित घर मात्र तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यातील न्यूट्रिनो वेधशाळा होते. सुमारे १५०० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मंजुरी दिली; पण स्थानिक विरोध, पर्यावरणाचे आक्षेप आणि न्यायालयीन वाद यांत तो अडकला. २०२२ मध्ये राज्य सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. झारखंडमधील जादुगुडा येथे ५५५ मीटरवर भूमिगत प्रयोगशाळा आहे. तिचे मोल मोठे आहे, तरी इतक्या नाजूक शोधाला ती खोली पुरत नाही.

या विरोधाला अज्ञान म्हणून झटकणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पश्चिम घाटातील पाणी, वन्यजीवांचे मार्ग आणि बोगद्याच्या स्फोटांविषयीचे प्रश्न खरे होते. त्यांची उत्तरे स्थानिक भाषेत आणि काम ठरण्यापूर्वी द्यायला हवी होती. न्यूट्रिनो निरुपद्रवी आहेत एवढे सांगून डोंगर फोडण्याविषयीची शंका फिटत नाही.

पुढची वाट एकाच भव्य प्रकल्पावर अवलंबून ठेवता कामा नये. जादुगुड्यात किरणोत्सार मोजण्याची आणि शुद्ध पदार्थ पारखण्याची क्षमता वाढवता येईल. नवी जागा निवडताना तिथल्या लोकांना पहिल्या दिवसापासून सहभागी करून घेता येईल. विद्यार्थ्यांची एक पिढी मंजुरीची वाट पाहण्यात सरली, तर कोलारमध्ये कमावलेले कौशल्य केवळ स्मरणिकांत उरेल. खोल खाण पुन्हा खणता येते. तुटलेली परंपरा पुन्हा जोडणे त्याहून अवघड असते.