उधारीचे उलटे गणित

कोळवणसारख्या गावातील वाणी गिऱ्हाइकाला उधार देतो. ती बुडाली तर तोटा स्वतः सोसतो. साखळी दुकानांचे गणित उलटे. ती बँकेच्या व पुरवठादाराच्या उधारीवर वाढतात. १९९७ साली चेन्नईत निघालेल्या ‘सुभिक्षा’ची दीड हजारांवर दुकाने रोकड आटताच २००९ मध्ये बंद पडली, नोकरांचे पगार थकले. २००१ मध्ये सुरू झालेला ‘बिग बझार’ही २०२२ मध्ये कर्जापायी कोसळला. कॅनडातील १६७० सालच्या ‘हडसन्स बे’चीही सर्व दुकाने कर्जभाराने २०२५ मध्ये मिटली.

आपल्याकडील २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात तारणधारक बँकांचा क्रम वर, विनातारण माल देणाऱ्या पुरवठादाराचा बराच खाली. स्वस्ताई ग्राहकाला हवीच. परंतु तिची किंमत लहान पुरवठादाराने का मोजावी? हा क्रम बदलणे अगत्याचे आहे.