कॅमेऱ्याची निवड आणि परिग्रहाचे परिमाण

लातूरच्या भुसार बाजारात तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका कुटुंबातील तरुण गेल्या हिवाळ्यात वेरूळला गेला. घरातील आजीला गुडघ्यांमुळे चढउतार जमत नाही. बत्तिसाव्या लेण्यातील, म्हणजे इंद्रसभेतील, अंबिकादेवी एकदा पाहावी ही तिची जुनी इच्छा. नातवाने नवा कॅमेरा बरोबर नेला, शंभरावर छायाचित्रे काढली आणि घरी येऊन ती मोठ्या पडद्यावर दाखवली. प्रांगणातील एकाश्म हत्ती आणि उंच स्तंभ स्वच्छ उमटले होते. आतील मंद उजेडातील अंबिका मात्र पुसट आली होती. आजीने चष्मा वरखाली करून पाहिला आणि "डोळेच अधू झाले रे माझे" असे म्हणून दोष स्वतःकडे घेतला.

नातवाला ते लागले. दुसऱ्याच दिवशी त्याने शहरातील दुकानात चौकशी केली. विक्रेत्याने फुल फ्रेम सेन्सरची मोठी बॉडी सुचवली. किंमत पहिल्या कॅमेऱ्याच्या कित्येक पट. पर्युषणात त्या तरुणाने वर्षभराच्या चैनीच्या खरेदीचे परिमाण ठरवून वहीत लिहिले होते. ही बॉडी घेतली असती तर ते ओलांडले गेले असते. वडिलांनी नकार दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "नड नेमकी कशात आहे, ते पाहिलेस का? नड कळल्याशिवाय आपण माल उचलतो का?"

हा प्रश्न छायाचित्रणाचा छंद मनापासून जोपासणाऱ्या प्रत्येकाने खरेदीपूर्वी स्वतःला विचारावा असा आहे. वेरूळचा बेसाल्ट काळा आणि लेण्यांच्या आत उजेड थोडा. तेथे नड असते ती प्रकाशाची. कॅमेऱ्यात प्रकाश येतो तो लेन्समधून, आणि लेन्सचे छिद्र किती उघडते यावर त्याचे प्रमाण ठरते. बॉडीबरोबर मिळणारी १८ ते ५५ मिमीची झूम लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ ४.५ इतकीच उघडते. तितक्याच नाभ्यंतराची, झूम नसलेली साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला, तर दुसऱ्या लेन्समधून सहा पटींहून अधिक प्रकाश आत येतो. एका लेन्सने जेथे सेकंदाचा दहावा भाग शटर उघडे ठेवावे लागते, तेथे दुसरीने साठावा भाग पुरतो. मूर्ती हलत नाही, हात हलतो. आणि दहाव्या भागात तो हमखास हलतो.

आता मोठ्या बॉडीचा हिशेब. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, तर छंदिष्टांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा असतो. क्षेत्रफळात फरक सव्वादोन ते अडीच पटींचा. म्हणजे जी बॉडी दुकानदार पुढे करीत होता, तिच्याने लाभ सव्वादोन-अडीच पट आणि खर्च पुष्कळ. साध्या लेन्सने लाभ सहा पट आणि खर्च त्या मानाने अल्प. शिवाय मोठ्या सेन्सरला लेन्साही मोठ्या, जड आणि महाग लागतात.

याचा अर्थ बॉडी गौण आहे असा नव्हे. रॉ स्वरूपात छायाचित्र साठवण्याची सोय, हातात नीट बसणारी पकड, डोळ्याला लावून पाहता येणारा व्ह्यूफाइंडर आणि शक्य असल्यास बॉडीतच कंप सावरणारी यंत्रणा, एवढे पाहावे. ही यंत्रणा स्थिर मूर्तीसाठी फार उपयोगी पडते. अभिषेकात किंवा वरघोड्यात हलणाऱ्या माणसांना मात्र ती थांबवू शकत नाही, तेथे वेगवान शटरच हवे. बॉडी घेणे म्हणजे एका माउंटशी दीर्घकाळचा व्यवहार जोडणे होय. कॅननचा आरएफ, निकॉनचा झेड, सोनीचा ई, फुजीफिल्मचा एक्स यांपैकी कोणताही निवडला, तरी त्यात माफक किमतीच्या लेन्सा किती मिळतात हे आधी पाहावे. कारण बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दीर्घकाळ साथ देते. एकूण ठरवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम बॉडीत घालू नये, हा नियम सुरुवातीला पुरेसा आहे.

जुना माल घेण्यातही कमीपणा नाही. आरशाचे डीएसएलआर कॅमेरे आता सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात. घेताना शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवरील डाग पाहावेत. लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च धरून दुसऱ्या टोकाकडून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी समजावी आणि सौदा सोडावा. बिल मात्र नव्या-जुन्या दोन्ही खरेदीत पक्केच घ्यावे.

उपकरणांबरोबर येणाऱ्या सामानाकडे जैन कुटुंबाने विशेष लक्ष द्यावे. चामड्याचा पट्टा किंवा चामड्याची पेटी घेऊन मंदिरात जाता येत नाही. सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्यावा. लेन्स पुसण्याचे शॅमॉय हे प्राण्याचे कातडे आहे आणि अनेक मऊ ब्रश बकरीच्या अथवा खारीच्या केसांचे असतात. मायक्रोफायबरचे कापड, रबरी फुंकणी आणि कृत्रिम तंतूंचा ब्रश यांनी तेच काम होते. तरुणांमध्ये सध्या जुन्या फिल्मचे आकर्षण पुन्हा वाढत आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांचा लेप जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि ते जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून काढतात, हे त्यांना घरातूनच कळायला हवे. डिजिटल सेन्सरला त्याची गरज नाही.

ट्रायपॉड घ्यावा, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो लावण्यास आधी परवानगी लागते हे ध्यानात ठेवावे. फ्लॅश तेथे बंदच ठेवावा. इंद्रसभेच्या छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष अजून आहेत. मंदिरात विश्वस्तांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स घेतली, तर तिचा उपयोग अंतर राखण्यासाठी करावा. घरट्याजवळ जाऊन मिळवलेले छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी त्याची किंमत पिलांनी मोजलेली असते.

पावसाळ्यात बुरशीचा प्रश्न येतो. पापड-मसाल्यांना बुरशी धरू नये म्हणून आपल्या घरांत जी जयणा पाळली जाते, तीच लेन्सला लागू आहे. बुरशी ही अनंतकाय. ती धरल्यावर पुसून काढण्यापेक्षा धरूच न देणे हा धर्मही आहे आणि शहाणपणही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.

तत्त्वार्थसूत्रकारांनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची संख्या सांगितली नाही. आसक्तीलाच परिग्रह म्हटले. एकच कॅमेरा असलेला माणूस दर महिन्याला नव्या मॉडेलसाठी झुरत असेल, तर त्याचा परिग्रह लहान नव्हे. परिमाण आधी लिहून ठेवल्याचा लाभ असा, की दुकानात उभे राहून मनाशी वाद घालावा लागत नाही.

लातूरच्या त्या तरुणाने आधी दोन दिवसांसाठी ३५ मिमीची लेन्स भाड्याने घेतली आणि तो पुन्हा वेरूळला गेला. यावेळी एकाच मूर्तीपुढे तो तासभर थांबला. पूर्ण उघड्या छिद्रावर अंबिकेचा चेहरा स्पष्ट येतो, पण मागचा वृक्ष धूसर होतो, हे त्याला तेथे कळले. मग छिद्र थोडे आवळून, खांबाला टेकून, श्वास रोखून त्याने पुन्हा छायाचित्रे घेतली. परतल्यावर तीच लेन्स त्याने विकत घेतली. वहीतील परिमाणात निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक राहिली.

आजीने या खेपेस चष्मा हलवला नाही. मांडीवरचे बाळ पाहिले, खालचा सिंह पाहिला, डोक्यावरच्या आम्रवृक्षापाशी बोट नेले आणि त्यावरचे आंबे ती एकेक करून मोजू लागली.