वीस वर्षांच्या पोरीनं वैराग्य कुठून आणायचं?



आज जरा कडू लिहिणार आहे. आपल्या समाजातल्या बायकांना एक वाईट सवय लागली आहे आणि ती आपण धर्माच्या नावावर खपवतो. कुणाच्या घरचं माणूस गेलं की आपण जातो, घरातल्या आज्जीजवळ बसतो, तिचा हात धरतो. ती रडली तर रडू देतो. पण त्याच घरातली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी रडायला लागली की लगेच शास्त्र काढतो. "बाळ, रडू नये. आर्तध्यान होतं. तिर्यंच गतीचा बंध पडतो." वर आणि, "आता तूच आईला सांभाळायचं." झालं! पोर डोळे पुसून चहाचे कप गोळा करायला उठते आणि आपण वाटेनं म्हणतो, किती समजूतदार आहे हो.

मुलगा असेल तर त्याला तेवढंही नाही. त्याला "आता तू घरचा कर्ता" म्हटलं की संपलं.

जतमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरातले वडील असेच अचानक गेले. मुलगी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रक्षाविसर्जनाच्या दिवशी वरचं वाक्य तिला एकीनं नाही, तिघींनी ऐकवलं. सुतकाचे बारा दिवस सरले, पाहुणे गेले, आणि मग तिचं खरं सुरू झालं. मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावर वारसनोंद, सोसायटीचं कर्ज, डाळिंबाच्या बागेसाठी आणलेल्या औषधांची उधारी, पाण्याच्या टँकरचा हिशेब. वडिलांनी ज्या व्यापाऱ्याला माल घातला होता, त्याच्या दारात पैसे मागायला ती एकटी उभी राहिली. कॉलेजात हजेरी कमी पडली. त्या दिवसांत तिला "जेवलीस का?" असं विचारणाऱ्या किती होत्या आणि "लग्नाचं काय?" विचारणाऱ्या किती, हे मी इथं लिहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

आजही ती वडिलांच्या मोबाईलला रिचार्ज मारते, नंबर बंद पडू नये म्हणून. हे कळल्यावर आपल्यातल्याच एकीनं नाक मुरडलं, "मोह आहे हा." अहो, मोह तर आहेच! मोहनीय कर्माचा क्षय झालेली एक बाई मला जत तालुक्यात दाखवा, मी तिच्या दर्शनाला चालत येते.

आता शास्त्राचंच बोलू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत आणि आवडतं माणूस दुरावल्यावर त्याचाच ध्यास लागणं हा त्यातला एक. हे खरं. पण आपण तिथंच पुस्तक मिटतो. आर्तध्यान कुणाला होतं, हे लगेच पुढं सांगितलं आहे: अविरताला, देशविरताला आणि प्रमत्तसंयतालाही. म्हणजे सहाव्या गुणस्थानातल्या मुनींनाही, फक्त निदान सोडून. ज्याच्यातून मुनीही पूर्ण सुटले नाहीत, त्यातून कॉलेजातल्या पोरीनं बारा दिवसांत सुटावं, ही आपली अपेक्षा.

रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात लक्ष्मण गेल्यावर रामचंद्र काय करतात, ते आठवा. ते बलभद्र, शलाकापुरुष, त्याच भवात मोक्षाला जाणारे. तरीही भावाचं प्रेत सहा महिने खांद्यावरून खाली ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, त्याच्याशी बोलतात. मग त्यांना भानावर आणायला देव येतात, पण तेही प्रवचन झोडत नाहीत. कुणी वाळलेल्या झाडाला पाणी घालतो, कुणी खडकावर बी पेरतो, वाळू गाळून तेल काढायला बसतो. रामचंद्रच विचारतात, हे काय वेड्यासारखं करता? आणि विचारता विचारता त्यांचं त्यांना उमजतं. आपण सहा दिवस तरी थांबतो का?

लांब कशाला जायचं? चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज आपल्याच भागातले, भोजचे. जन्म 1872 चा. तरुणपणापासून दीक्षेची ओढ, पण आई-वडील असेपर्यंत घरीच राहिले. क्षुल्लक दीक्षा 1914 मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. एवढ्या मोठ्या जीवाचं वैराग्यही घरात, शेतात, आई-वडिलांच्या सेवेत हळूहळू पिकलं.

कुणी म्हणेल, मग काय ऊर बडवून घ्यायचा? नाही. सल्लेखना घेतलेल्या क्षपकाजवळ रडून त्याचे परिणाम बिघडवू नयेत, हे मलाही मान्य आहे. 1955 मध्ये कुंथलगिरीला महाराजांची सल्लेखना झाली, तिथली शांतता योग्यच होती. पण ती जाणाऱ्यासाठी होती. मागं राहिलेल्या लेकराचं तोंड दाबायला ती वापरू नका. आणि अनित्य भावना ही आपण स्वतः चिंतन करायची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या अंगावर फेकायची नव्हे.

या वयाच्या मुलांकडं तसं कुणाचंच लक्ष नसतं. कोरोनात आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी 2021 मध्ये राज्य सरकारनं 5 लाखांची ठेव जाहीर केली, ती 18 वर्षांखालच्यांसाठी. सरकारला कुठंतरी रेघ ओढावी लागते, समजू शकते. आपल्याला कुठल्या जी.आर.नं अडवलंय? एकोणिसाव्या वर्षी बाप गेला तर तो कमी जातो का?

तेव्हा माझं सरळ मागणं आहे. दुखवट्याच्या घरी जाल तेव्हा त्या पोरापोरींना एकदा तरी वडिलांबद्दल, आईबद्दल बोलतं करा. "अण्णांना काय आवडायचं गं?" एवढं विचारलं तरी पुरे. महिन्यानं परत जा. भाकरी-भाजीचा डबा घेऊन जा, आणि तलाठ्याकडं जायचं असेल तर आपल्या घरातलं एखादं जाणतं माणूस बरोबर द्या.

यंदा दशलक्षणात बस्तीत नवव्या दिवशी नववा अध्याय वाचला जाईल. आर्तध्यान आलं की मी उठून विचारणार आहे, पुढचं सूत्रही समजावून सांगा म्हणून. माझ्या शेजारी कोण कोण उभी राहणार, ते आधीच कळवा.